पौषातले तीन नमुने

५ जानेवारी २०२५, रविवार. सांजीले

पोट पुन्हा गुरगुरलं. डॉक्टरकडे गेलो. आमचा सुलतानपूरचा डॉक्टर माणूस चांगला हाये, पण वाचन कमी. पोट दाबलं, जीभ पाह्यली, डोळ्याची खालची पापणी ओढली अन् म्हणे, निवृत्ती, जंत असतीन, मेहकरले जाऊन संडासची तपासणी करून घे.

जंत! मले! बी.ए. सेकंड क्लास माणसाले! जंत लहान पोट्ट्यांले होतात, माती खाणाऱ्यांले. मी वावरातून गाजर उपटतो तेही पँटीले पुसून खातो. माझं निदान वेगळं हाये. इतके वर्षं एम.पी.एस.सी.चा अभ्यास केला, त्यानं आतडी नाजूक झाली. हुशार माणसाचं पोट असंच असते.

मायले हे समजलं अन् तिनं अट घातली. साखरखेर्ड्याच्या अर्जुनरावांच्या पोरीचा बायोडाटा आलेला हाये. पुष्पांजली. डी.एम.एल.टी. शिकलेली, खाजगी लॅबमध्ये नोकरी. फोटो मोबाईलात हाये, मधामधात झूम करून पाहतो. माय म्हणे, सध्या पौष चालू हाये, पौषात पोरगी पाहत नाहीत, पौष सरला का जाऊ. पण तोवर पोट नीट कर, नाहीतर मी तुह्यासंगं येत नाही. मलकापूरसारखी फजिती मले पुन्हा नाही पाह्यजे.

मलकापूरचं एवढं मनावर घेण्यासारखं काही नव्हतं. पोहे तीनदा मागतले अन् परसाकडे दोनदा गेलो. दुसऱ्यांदा पोरीच्या भावानं बादली भरून देली, सज्जन पोट्टा. त्यायनं नकार कळवला त्याचं कारण माझं इंग्रजी हाये. लोकं दबून जातात.

पण खरं लिहितो. चौतिसावं चालू हाये. बरोबरीच्या सगळ्यांचे पोट्टे शाळेत गेले. ह्या पोरीचा फोटो पाह्यल्यापासून दुसरं काही सुचत नाही. हे लगन झालं पाह्यजे म्हणजे पाह्यजे.

६ जानेवारी, सोमवार

आतेभाऊ गणेशच्या गाडीवर मेहकरले गेलो. गणेशचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाये. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा, अक्कल चार वर्षांनी कमी. त्याच्या लगनाचं कोणी इचारतही नाही, तोही कोणाले इचारत नाही. तो बाहेर चहाच्या टपरीवर थांबला, मी लॅबमध्ये शिरलो.

काउंटरवर पुष्पांजली.

मी बायोडाटा वाचून समजत होतो का लॅब संभाजीनगरले असन. तिनं मान वर न करता नाव इचारलं. माझ्या तोंडातून निघालं, गणेश. मंग आडनाव गणेशचं, वय गणेशचं, मोबाईल नंबर गणेशचा. एकदा सुरुवात केली का मी अर्धवट काम करत नाही. डॉक्टरची चिठ्ठी खिशातच दाबून ठेवली.

याले खोटं बोलणं म्हणत नाहीत. पौषात पोरगी पाहत नाहीत अन् पोरीनं पोरगा पाहू नये. मी रिवाज पाळला. ओळखायची भीतीही नव्हती, कारण आम्ही पाठवलेला फोटो केस होते तेव्हाचा हाये.

पण काय पोरगी हाये! किती आस्थेनं इचारत होती. दिवसातून किती वेळा जाता? घट्ट का पातळ? पाणी बोअरचं पिता का नळाचं? जेवणाआधी हात कायनं धुता? एवढी चौकशी तर माझ्या सख्ख्या मामीनं कधी केली नाही.

मंग म्हणे, तीन वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने लागतीन. एकानं भागत असताना तीनदा कोण बोलावते? समजणाऱ्याले समजते.

सूचना देल्या. ताजा आणायचा, पाणी-लघवी मिसळू द्यायची नाही, चमचाभर पुरे, अन् आधी जुलाबाचं औषध, एरंडेल काही घ्यायचं नाही. एक छोटी डबी देली. झाकण निळं.

परत येताना गणेशले सगळं सांगतलं. त्याले गाडी बाजूले लावून हसावं लागलं. मी म्हटलं, हसू नको बे, हा आयुष्याचा प्रश्न हाये.

७ जानेवारी, मंगळवार

प्रिलिम निघाली नाही, पण ही परीक्षा मी पहिल्याच अटेम्प्टमध्ये काढणार. टाइमटेबल केलं. पेपर पहिला उद्या सकायी. आज सकायी पपईच्या बिया, दुपारी लसूण, सांजीले ओवा. यूट्यूबवरच्या बाबानं सांगतलं, यानं जंत घर सोडून पळतात.

माझी स्ट्रॅटेजी साधी हाये. पाहुणे येणार असले का माय आधी अंगण झाडते, सारवते. मंग तपासणीच्या आधी आतून झाडायले नको? म्हणून रात्री जेवण झाल्यावर एरंडेल घेणार हाये. ती नाही म्हणली होती, पण ते साध्या लोकांसाठी असन. थोडंच घेईन. अर्धी वाटी.

८ जानेवारी, बुधवार

रात्रभर झाडझूड चालू होती. लिहायची ताकद नाही. पहाटे पेपर सोडवला. डबी काठोकाठ भरली.

चमचाभर पुरे म्हणली होती, पण आपल्या घरचं वळण हाये. कोणाचं भांडं आपण रिकामं वापस करत नाही. माय शेजारणीची वाटी देतानाही त्यात चिमूटभर साखर तरी टाकते. अन् हे तर होणाऱ्या सुनेचं भांडं. चमचाभर देलं असतं तर ती म्हणली असती, काय कंजूष घर हाये.

झाकण दाबून लावलं. मेहकरच्या अलीकडच्या स्पीड ब्रेकरवर ते उडालं. गणेशच्या स्वेटरच्या पाठीवर थोडं गेलं. स्वेटर जुनंच होतं. तरी तो रस्त्यानं बरंच बोलला, मी मनावर घेतलं नाही.

पुष्पांजलीनं डबी उजेडात धरली, मंग माझ्याकडे पाह्यलं. इचारलं, एरंडेल घेतलं का? मी म्हटलं, छे, आमच्या घरी तूप जास्त खातात. ती म्हणे, हा नमुना चालत नाही, तेलानं काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मंग पुन्हा सुरुवात करा. नवी डबी देली अन् चमचाभर हा शब्द दोनदा म्हणली.

म्हणजे डबी घेऊन तीनच्या आता चार भेटी. पोरगी आतून गुंतत चालली हाये.

१० जानेवारी, शुक्रवार

एरंडेलानं कोठार असं साफ केलं का आता काही येऊनच नाही राह्यलं. सकायपासून तीन वेळा बसलो. अभ्यास पूर्ण होता, पेपरात एक ओळ उतरली नाही. माय बाहेरून इचारते, निवृत्ती, झालं का? साऱ्या गल्लीले ऐकू जाते. अशानं माणूस मोकळा कसा होईन?

निश्चय: उद्या केळी. शांत चित्त. मायले आवाज द्यायची मनाई.

११ जानेवारी, शनिवार

झालं! चमचाभर, शुद्ध, ताजं. डबीवर कागद गुंडाळला, वर रबर लावलं.

पण मी स्वतः गेलो नाही. इचार करून ठरवलं. रोज रोज दिसलं का किंमत राहत नाही, थोडी ओढ वाटू द्यावी. गणेशले पाठवलं. आधी नाही म्हणे, स्वेटरची आठवण काढली. मंग शर्टाच्या खिशात डबी ठेवून गेला बिचारा.

दुपार झाली तरी आला नाही. आल्यावर सांगतलं, तिनं नाव इचारलं, त्यानं गणेश सांगतलं. ती म्हणे, गणेश तर दुसरे होते, टकले. मंग यानं सगळं खरं सांगून टाकलं. म्हणे, भाऊ, मले खोटं बोलता नाही येत, पोटात दुखते.

मी इचारलं, मंग ती काय म्हणली? म्हणे, लई हसली. इतकी हसली का चष्मा काढून डोळे पुसले, मंग आम्ही चहा घेतला. मी इचारलं, चहावर काय बोलले? तो म्हणे, तुह्याबद्दलच.

आता शांत बसून इचार केला. बरंच झालं. मी कोण हे तिले समजलं, तरी ती म्हणली का दुसरा नमुना मंगळवारी पाठवा. नकार असता तर पाठवा म्हणली असती का? पण आता मले जायची लाज वाटते. पुढचेही गणेशच नेईन.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पेपर दुसरा रवाना. गणेशनं आज गाडी धुतली होती. अंगाले सेंटही लावला होता. मी म्हटलं, कायले? म्हणे, डबीचा वास येऊ नये म्हणून. मित्र असावा तर असा.

परत येताना तीळगूळ घेऊन आला. पुष्पांजलीनं कागदात बांधून देला म्हणे. अर्धा त्यानं रस्त्यातच खाल्ला होता. मी रागावलो. दुसऱ्याच्या निरोपाले हात लावू नये एवढं समजत नाही याले. उरलेला मी डोळे मिटून, हळूहळू खाल्ला. बाहेर पोट्टे पतंगाची काटाकाटी करत होते. संक्रांत इतकी गोड कधीच गेली नव्हती.

१७ जानेवारी, शुक्रवार

पेपर तिसरा. गणेशनं दाढी केली, कटिंग केली, नवा शर्ट घातला. डबी मागायले तोच सकायी सकायी दारात हजर. मले तर अजून जायचं होतं. म्हणे, घाई कर ना बे, लॅब उघडली असन. माझ्या लगनाची एवढी काळजी मायलेही नाही.

१८ जानेवारी, शनिवार

रिपोर्ट गणेशच्या मोबाईलवर आला. राउंडवर्मची अंडी: भरपूर.

आयुष्यात पहिल्यांदा मले काही भरपूर भेटलं अन् तेही गणेशच्या नावावर जमा झालं.

थोडं वाईट वाटलं. मंग ध्यानात आलं, ही तर देवाची करणी. कागदोपत्री जंत गणेशले हायेत. माझं रेकॉर्ड कोरं हाये. उद्या कोणी काही म्हणलं तर म्हणावं, दाखव कागद.

डॉक्टरले फक्त तोंडी सांगतलं. त्यानं एक गोळी देली अन् हात धुण्यावर भाषण देलं. मी मान हलवत राह्यलो. गोळी घरी येऊन घेतली.

२४ जानेवारी, शुक्रवार

पोट शांत हाये. वजन वाढून राह्यलं. तयारी जोरात. पोहे एकच प्लेट घ्यायची, दुसरी आली तर हात आडवा करायचा, आरशासमोर सराव केला. इंग्रजीत ओळख पाठ केली, पण ती निम्मीच बोलायची, मलकापूरसारखं त्यायले दाबायचं नाही.

गणेश सांजीले आला. बसला. म्हणे, निवृत्ती, एक सांगायचं होतं. मंग तांब्याभर पाणी पेला अन् निघून गेला. परवाही असंच केलं. पैसे पाह्यजे असतीन, मागायले लाजत असन.

आत्या रोज येऊन मायसंगं स्वयंपाकघरात कुजबुजते. मी गेलो का गप होतात. माझ्यासाठी सफारी शिवून राह्यले वाटते.

३० जानेवारी, गुरुवार

पौष सरला! माय म्हणे, रविवारी साखरखेर्ड्याले जायचं हाये, वसंत पंचमी हाये, दिवस चांगला हाये. म्हणताना तिनं माझ्याकडे पाह्यलं नाही, सुपात तांदूळ निवडत राह्यली. मंग म्हणे, तूही चाल.

तूही! मी नाही तर कोण जाईन? मायलेही आता वय झालं, शब्द इकडचे तिकडे होतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

गणेशनं आज सांगतलं.

साखरखेर्ड्याले उद्या पोरगी पाहायची नाही. सुपारी फोडायची हाये. गणेशची अन् पुष्पांजलीची. तिनं घरी सांगतलं, करीन तर ह्याच्याशीच. अर्जुनराव आत्याले भेटून गेले, मायले भेटून गेले. मायनं मधात पडून जमवलं, कारण भाचाही तिचाच अन् एवढं चांगलं स्थळ नात्याबाहेर काऊन जाऊ द्यायचं? मले सांगायची हिंमत कोणाची झाली नाही.

गणेश रडत होता. म्हणे, तू नाही म्हण, मी आत्ता मोडतो. मी उठून गोठ्यात गेलो अन् गाईच्या बाजूले उभं राहून रडलो. लई रडलो. रोजनिशी माझीच हाये, इथं लपवून काय करू? ती पोरगी मले खरंच आवडली होती. डबी उजेडात धरून पाहत होती ना, तेव्हाही.

सांजीले

पण मी हार मानणाऱ्यातला नाही. डोकं आता चालू झालं. रिपोर्ट! गणेशच्या नावाचा! राउंडवर्म, भरपूर! मोबाईलात घेऊन ठेवलेला हाये. उद्या अर्जुनरावांले बाजूले घेऊन दाखवतो. कोणता बाप जंतवाल्याले पोरगी देईन? सुपारी मोडली का मी तिथंच उभा असणार. इस्त्री केलेला शर्ट काढून ठेवला.

२ फेब्रुवारी, रविवार. वसंत पंचमी. साखरखेर्डा

इथूनच लिहितो, मांडवाच्या मागं बसून. बाकीचे जेवून राह्यले.

बैठक भरली होती. दोन्हीकडची माणसं, मधात पाट, पाटावर सुपारी. मी अर्जुनरावांले खुणावून ओसरीच्या कोपऱ्यात नेलं. मोबाईल समोर धरला. म्हटलं, मामा, मी घरचाच माणूस हाये, पण सांगणं माझं कर्तव्य हाये, हे पाहा, तुमचे जावई.

त्यायनं चष्मा लावला. रिपोर्ट पूर्ण वाचला. मंग भिंतीले टेकून इतके हसले का बायका आतून पाहायले आल्या. म्हणे, बापू, हा रिपोर्ट माझ्याच पोरीनं काढेल हाये, कोणाचा माल कोणाच्या नावावर हाये हे तिले नाही समजणार?

मी म्हटलं, मंग गणेशमध्ये असं काय पाह्यलं तिनं? शिक्षण बारावी, धंदा मोटारीचा.

अर्जुनरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणे, तेच मी पोरीले इचारलं होतं. ती म्हणली, बाबा, जो माणूस दुसऱ्याची घाण थंडीत गाडीवर, खिशात घालून, तीनदा तोंड वाकडं न करता घेऊन येते, तो बायकोले काय कमी करीन?

याच्यावर मले काही बोलता आलं नाही. इंग्रजीतही नाही.

वापस येऊन बैठकीत बसलो. सुपारी फुटली. पोहे आले. मी एकच प्लेट घेतली, दुसरीले हात आडवा केला, कोणी पाह्यलं नाही. मंग पुष्पांजली पाया पडायले निघाली. हिरवी साडी होती. मायच्या पाया पडली, आत्याच्या पडली, एकेकाले भेटत माझ्यापुढं आली अन् थांबली. साऱ्या बैठकीले ऐकू जाईन अशा आवाजात इचारलं, भाऊजी, गोळी चावून खाल्ली होती का गिळली?

मी म्हटलं, गिळली.

ती म्हणे, वाटलंच मले. चावायची असते ती. हातातल्या रुमालाची गाठ सोडली, तिच्यात दुसरी गोळी होती. म्हणे, आत्ता माझ्यासमोर खा, लगनात तुम्हीच वाढायले पाह्यजे, सगळ्यांच्या ताटात तुमचा हात लागणार हाये.

आत्या हसली. माय हसली. अर्जुनराव तर आधीच सुरू झाले होते. गणेशनं तेवढी मान खाली घातली. मी गोळी सगळ्यांसमोर चावून खाल्ली. चव संत्र्याची होती.